नावेतून न दिसणारी काशी : दर्शनफेरी आणि तीर्थक्रम

काशीस आलेल्या प्रवाशाला आज नगर दाखविले जाते ते बहुधा नावेतून. गंगा येथे उत्तरवाहिनी आहे आणि घाट तिच्या पश्चिम तीरावर. त्यामुळे पहाटेच्या नावेतील प्रवाशाच्या पाठीशी सूर्य उगवतो व समोरच्या पायऱ्या उजळत जातात. नाव अस्सीहून किंवा दशाश्वमेधाहून निघते, मणिकर्णिकेच्या चितांसमोर क्षणभर थबकते, थोडी पुढे जाऊन शिंदे घाटाजवळचे कललेले रत्नेश्वराचे देऊळ दाखविते आणि वळते. नावाडी हाच बहुधा गाइड असतो. घाटाचे नाव, बांधविणाऱ्या राजाचे नाव आणि एखादी आख्यायिका हा त्याच्या कथनाचा ठरलेला साचा होय. या कथनाकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. ‘काशीखंडा’सारख्या माहात्म्यग्रंथांचा तो दूरचा, मौखिक वारस आहे; माहात्म्यातही स्थळ, नाव आणि कथा एकमेकांना अशीच बांधलेली असतात.

परंतु या दोहोंत एक भेद आहे, आणि तो क्रमाचा आहे. पंचतीर्थीचा परंपरागत क्रम अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा, मणिकर्णिका असा सांगितला जातो. नकाशा समोर ठेवून पाहिल्यास हा क्रम विचित्र वाटतो. यात्रेकरू मणिकर्णिका ओलांडून थेट वरुणेच्या संगमापर्यंत, म्हणजे क्षेत्राच्या उत्तर टोकापर्यंत जातो आणि तेथून प्रवाहाच्या उलट मागे येतो. दोन्ही सीमांना स्पर्श झाल्यावरच मणिकर्णिकेचे स्नान घडावे, असा त्यातील संकेत दिसतो. यात्रेत मणिकर्णिका हा शेवट आहे. दर्शनफेरीत ते नाव वळण्यापूर्वीचे एक दृश्य. यात्रेकरूने तेथे काही करावयाचे असते, प्रवाशाने केवळ पाहावयाचे असते. मुक्कामात मी एका नावाड्याला आदिकेशवापर्यंत चलण्याची विनंती केली, तेव्हा तो म्हणाला, “उधर कुछ देखने का नहीं है, साहब.” पाहण्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खरेच होते.

नदीतून पाहिलेली काशी हे ‘चित्र’ दृढ होण्यास एकोणिसाव्या शतकातील आंग्ल चित्रकार व लेखक बऱ्याच अंशी कारण झाले. जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात काशीच्या टांकसाळीत अधिकारी होता. त्याने नगराचा नकाशा केला, आणि त्याची घाटचित्रे १८३०च्या दशकाच्या प्रारंभी लंडनहून प्रसिद्ध झाली. प्रिन्सेपला गल्ल्या ठाऊक नव्हत्या असे नव्हे. उलट त्याच्याइतकी नगराची मोजदाद त्या काळी क्वचितच कोणी केली असेल. तथापि पुढच्या पाहुण्यांच्या स्मरणात राहिली ती घाटांची दर्शनी भिंत. शेरिंगचा काशीवरील ग्रंथ १८६८ साली आला, १८८७ साली राजघाटाचा रेल्वे पूल झाला, आणि एका सकाळीत काशी ‘उरकणे’ शक्य झाले.

याच संक्रमणाची साक्ष हिंदी साहित्यात भारतेंदु हरिश्चंद्रांच्या ‘प्रेमजोगिनी’ या १८७०च्या दशकातील अपूर्ण नाटकात मिळते. तुलनाकारांनी तिच्याकडे या दृष्टीने पाहावयास हवे. एका प्रवेशात मुगलसराय स्टेशनवर सुधाकर हे पात्र परक्या पंडिताला काशीचे गुणवर्णन ऐकविते. शेजारी दलाल बसलेला आहे. माहात्म्य आता रेल्वे फलाटावर आले आहे! आणि पुढच्याच प्रवेशात आपण बुभुक्षित दीक्षिताच्या बैठकीत असतो, जेथील काशीकर ब्राह्मण चक्क मराठी बोलतात. उपहास आहे, पण हा उपहास घरात शिरून केलेला आहे. फलाटावरील वर्णनात न सापडणारी काशी येथे सापडते.

मराठी काशी नावेतून दिसते ती केवळ अहल्याबाई, भोसले, शिंदे अशा घाटांच्या नावांतून, म्हणजे दात्यांच्या रूपात. घाटांमागची वस्ती, विशेषतः दुर्गाघाट व ब्रह्माघाट परिसरातील मराठी घराणी, कथनात येत नाहीत. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात येथेच ‘त्रिस्थलीसेतू’ रचला. विश्वेश्वराचे लिंग परकीयांनी हलविले तरी त्या स्थानाची पूजा खंडित होत नाही, असा निर्णय त्यांनी त्यात दिला आहे. वास्तूपेक्षा स्थानाला प्रमाण मानणारा हा विचार दर्शनफेरीच्या अगदी उलट टोकाचा आहे. एकनाथांचे भागवत पूर्ण झाले तेही १५७३ साली याच नगरीत.

पंचगंगेवर हा विचार लोकभाषेत उतरलेला दिसतो. तेथील बिंदुमाधवाचे भव्य मंदिर फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने १६६५ साली पाहिले. औरंगजेबाच्या काळात ते पाडले गेले व त्या जागी मशीद उभी राहिली. पण तिच्या उंच मिनारांना लोक म्हणत राहिले ‘माधवराय के धरहरे’. आज ते मिनार उभे नाहीत. माधव शेजारच्या साध्या, घरवजा मंदिरात आहे. नाव वळते ती पुष्कळदा या घाटाच्या अलीकडेच.

१३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले. मधली दाट वस्ती हटवून गंगा आणि मंदिर यांच्यामध्ये मोकळा मार्ग काढण्यात आला. यात्रेकरूंची सोय झाली हे निर्विवाद. पण गल्ल्यांतून चाचपडत, वळत, लहानमोठ्या देवांना हात जोडत विश्वनाथापर्यंत पोहोचण्याचा जो पाठ होता, त्यातील बराचसा भाग त्याबरोबर गेला. नदीतून पाहिलेले चित्र आता नगराच्या रचनेतच उतरले आहे.

आदिकेशवाला मी अखेर सायकलरिक्षाने आणि उरलेली वाट पायी गेलो. देवळात पुजारी आणि तेलंगणातून आलेले एक वृद्ध दांपत्य एवढेच होते. त्यांच्या हातातील तेलुगू पोथीत पुढचे स्थान पंचगंगा असे होते, आणि पुजारी त्यांना तिकडची वाट समजावून देत होता.