कॉन्ट्रामधलं जंगल आणि कर्जतचं रान



मागच्या खेपेला आपण घाटवाटांविषयी बोललो. आज एका व्हिडिओ गेमविषयी बोलायचं आहे. विषय ऐकून एका ज्येष्ठ स्नेह्यांनी फोन केला, "प्राध्यापक, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. पण या खेळाच्या बाबतीत आमच्याकडून एक चूक झाली होती, ती पंचवीसेक वर्षं मनात आहे. आज तिचा हिशेब द्यावा म्हणतो.

खेळाचं नाव कॉन्ट्रा. तुमच्यातले जे आज चाळिशीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. कोनामी या जपानी कंपनीने 1987 साली हा खेळ काढला. आधी तो नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवर होता, मग 1988 साली घरच्या टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या यंत्रावर आला. पडद्यावर एक शिपाई, हातात बंदूक. डावीकडून उजवीकडे धावायचं, कड्यांवरून उड्या मारायच्या, समोर येईल त्याला गोळी घालायची. एक गोळी लागली की एक जीव गेला. जीव मिळतात तीन. एकूण टप्पे आठ, आणि पहिलाच टप्पा जंगलाचा. खाली पाणी, वर हिरवे कडे, मध्ये पाय ठेवताच फुटत जाणारा पूल, आणि शेवटी तोफा बसवलेली एक भिंत. ती फोडली की जंगल संपलं.

जंगलात उड्या मारायचा हा काही पहिला खेळ नव्हे बरं का. 1982 साली अमेरिकेत डेव्हिड क्रेन यांनी 'पिटफॉल' केला होता. त्यात एक माणूस वीस मिनिटांत 32 खजिने शोधत जंगलभर पळतो. त्या जंगलाचे 255 देखावे होते आणि अख्खा खेळ मावत होता 4 किलोबाइटमध्ये. इतक्याशा जागेत 255 चित्रं ठेवणार कुठे? तर ती ठेवलेलीच नव्हती. एक छोटा गणिती नियम होता. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढायचा आणि त्या आकड्यावरून झाड कुठे, खड्डा कुठे, विंचू कुठे ते ठरवायचं. कॉन्ट्राच्या वेळेपर्यंत जागा वाढली. अमेरिकेत विकलेल्या कॅसेटमध्ये 128 किलोबाइट होते. तरी आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणून तिथेही झाडांचे तेच ते तुकडे फरशीसारखे पुन्हा पुन्हा बसवलेले.

आता गंमत बघा. हे जंगल नेमकं कुठलं? जपानी कथेप्रमाणे साल 2633 आणि जागा न्यूझीलंडजवळचा एक काल्पनिक द्वीपसमूह. अमेरिकेत खेळ गेला तेव्हा सोबतच्या माहितीपुस्तिकेत तेच जंगल दक्षिण अमेरिकेतलं झालं, आणि काळ आजचा. युरोपात 1990 साली खेळाचं नाव 'प्रोबोटेक्टर' झालं आणि माणसांच्या जागी यंत्रमानव आले, कारण लहान मुलांना हिंसा दाखवण्याबाबत जर्मनीचे नियम कडक होते. चित्र एकच, पण देश बदलला की त्याचा अर्थ बदलला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पुस्तिकाच आली नाही. नव्वदच्या दशकात निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला बाजारात आल्या, तैवानच्या, चीनच्या. एका कॅसेटवर '9999 इन 1' असं छापलेलं, आणि बघायला गेलं तर तेच पाचपंचवीस खेळ फिरून फिरून. त्या शिपायांची नावं बिल आणि लान्स आहेत, हे इथे कोणाला ठाऊक नव्हतं. इथे ते होते 'निळा' आणि 'लाल'. "मी निळा, तू लाल", संपलं बारसं.

पुस्तिका नव्हती, पण विद्या होती. खेळ सुरू होण्याआधी वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए असं दाबलं की तिनाचे तीस जीव व्हायचे. ही युक्ती मूळची कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. 1986 साली 'ग्रेडियस' हा दुसरा खेळ तपासताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड वाटला, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली, आणि ती तशीच आत राहून गेली. जपानमधल्या एका माणसाची सोय कर्जतच्या पोराला पाठ कशी झाली? तोंडोतोंडी. मामेभावाने शिकवली, मामेभावाला डोंबिवलीच्या मित्राने. मौखिक परंपरेवर आम्ही जन्मभर वर्गात बोलत आलो. ती अशी डोळ्यांदेखत चालू होती आणि आम्हाला दिसली नाही.

आता आमची चूक. आम्ही तेव्हा याच भागात शिकवत होतो. स्टेशनजवळ एका गाळ्यात चार टीव्ही मांडून व्हिडिओ गेमचं दुकान निघालं होतं. अर्ध्या तासाच्या हिशेबाने पैसे. मुलं तास बुडवून तिथे बसत. गॅदरिंगच्या भाषणात आम्ही त्यावर सडकून बोललो. म्हटलं, गोळ्या घालायचा खेळ खेळणाऱ्या मुलाला खरं आणि खोटं यांतला फरक कळेनासा होतो. टाळ्याही मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी भेटायला आला. माथेरानच्या डोंगराखालच्या एका ठाकरवाडीतला. फीपुरते पैसे मिळावेत म्हणून संध्याकाळी तो त्याच गाळ्यात काम करायचा. म्हणाला, "सर, राग मानू नका. तुम्ही कधी खेळलाय का हा गेम?" नव्हतो खेळलो. त्याच्याबरोबर गेलो. त्याने कॅसेट काढली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. आम्ही लाल झालो, तो निळा. पहिल्या पुलावरच आमचे दोन जीव गेले. आम्ही विचारलं, "काय रे, तुमच्या रानासारखंच आहे का हे?"

तो हसला. म्हणाला, "हे रान कुठलं सर? इथं पायवाट कुठाय?"

मित्रहो, खरं आणि खोटं यांतला फरक त्याला कळत होता. आम्हालाच कळला नव्हता. त्या पडद्यावरचं काही आमच्या मनाला खटकलं नव्हतं, कारण आमच्या मनातलं जंगलही तसंच होतं. वाट नाही, घर नाही, जे हलेल ते शत्रू.

हे चित्र कुठून आलं? शब्दापासून सुरुवात करू. 'जंगल' हा मूळचा संस्कृत 'जांगल'. आयुर्वेदाच्या ग्रंथांत जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा मुलूख. त्याच्या उलट तो आनूप, म्हणजे पाणथळ आणि दाट. त्या हिशेबाने आपलं कोकण आनूप ठरेल, जांगल नव्हे! पुढे शब्दाचा अर्थ फिरत गेला आणि इंग्रजांनी तो उचलला तो दाट, ओला, धोक्याचा प्रदेश या अर्थाने. मग गोष्टी आल्या. एडगर राइस बरोज यांनी 1912 साली टारझन लिहिला, तो आफ्रिकेत पाऊल न ठेवता. त्या गोष्टींतून सिनेमे आले, सिनेमांतून खेळ. टाइतो कंपनीच्या 'जंगल किंग' या खेळात तर टारझन इतका उघड होता की बरोज यांच्या वारसांनी हरकत घेतली आणि तो 'जंगल हंट' करावा लागला. जंगल पाहिलेलं नाही अशा माणसांनी काढलेलं जंगल, एकाकडून दुसऱ्याकडे असं चालत आलं.

आपल्या भागात लोक 'जंगल' फारसं म्हणत नाहीत, 'रान' म्हणतात. रानात माणूस जातो आणि संध्याकाळी परत येतो. लाकूडफाटा, करवंदं, पावसाळी भाज्या घेऊन येतो. कातकरी हे नावच मुळी खैराच्या झाडापासून काढायच्या कातावरून पडलेलं. सरकारने 1878 चा वन कायदा केला आणि त्यांचं रान कागदावर राखीव जंगल झालं. काल जिथे तो कामाला जात होता तिथे आज तो गुन्हेगार ठरू लागला. शब्द बदलला की माणूस असा चित्राबाहेर जातो.

आणि खरी जंगलातली लढाई पाहायची, तर तीही आपल्याच मुलखात झाली. थोडं मागे जाऊ. त्या गाळ्यातले टीव्ही विजेवर चालत. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं 1922 मध्ये. एक खालापूर तालुक्यात, दुसरं कर्जत तालुक्यात. वीज इथे तयार व्हायची आणि डोक्यावरच्या तारांतून मुंबईच्या गिरण्यांना जायची. खाली वाड्यांत मात्र रॉकेलची चिमणी. 1942 च्या आंदोलनात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने याच विजेचे मनोरे पाडले. वकिली शिकलेला माणूस महिनोन्‌महिने रानात राहिला. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

या दोन लढाया शेजारी ठेवून बघा. कॉन्ट्रातला शिपाई जेवत नाही, झोपत नाही, कोणाला वाट विचारत नाही. कोतवालांच्या माणसांना भाकरी लागत होती आणि ती आसपासच्या शेतकऱ्यांच्या, आदिवासींच्या चुलीवरची होती. रानातली माणसं सोबत होती म्हणूनच तो लढा चालला. तिथे प्रत्येकाला जीव एकच, आणि हाशिमोतोंची युक्ती नाही.

मग हा खेळ वाईट का? नाही. तो उत्तम खेळ आहे. दोघांनी मिळून खेळावा असा फार थोडा खेळ तेव्हा होता. धबधब्याच्या टप्प्यात एकजण घाईने वर चढला तर खालचा पडद्याबाहेर जाऊन मरतो. सोबत्याला मागे टाकून जायचं नाही, हे त्या मुलांना आमच्या नीतिशास्त्राच्या तासाआधी तिथे कळलं असेल. शिवाय खेळाने कधी म्हटलंच नव्हतं की हे कर्जतचं रान आहे. तो पडदा होता आणि पडदाच राहिला.

काळजी वेगळीच आहे. आज कर्जत-खालापूरच्या रस्त्याने जा. दोन्ही बाजूंना फलक दिसतील: जंगलाच्या कुशीत घर, खिडकीतून जंगल. त्या फलकांवर हिरवं सगळं आहे, माणूस नाही. कुंपणं पडत जातात आणि वाडीतून ओढ्याकडे, ओढ्यावरून शाळेकडे जाणारी वाट मध्येच तुटते. पडद्यावरचं बिनवाटेचं जंगल तिथेच राहिलं असतं तर काही बिघडत नव्हतं. ते आता जमिनीवर उतरतं आहे, आणि उतरवणारी माणसं कॉन्ट्रा खेळून बिघडलेली पोरं नव्हेत. आमच्यासारखी, जंगलाकडे लांबून पाहणारी शिकलेली माणसं आहेत.

2006 च्या वनहक्क कायद्याने रानावरचा जुना वापर दाखवून हक्क मागता येतो. तो मागताना वाट कुठून जात होती हे सांगणारं कोणीतरी लागतं. म्हणून एक विनंती. तुमच्या गावातल्या, वाडीतल्या पायवाटा जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवा. नावानिशी. मोबाइलवर नोंदवल्या तरी चालेल.

तो विद्यार्थी आता स्वतः शिक्षक आहे. त्याने आमच्या भाषणावर एवढा एकच प्रश्न विचारला होता. पायवाट कुठाय? आम्ही अजून तोच विचारतो आहोत.