पऱ्हाटी, गाय आणि गरम पाणी

कापसाचा हंगाम संपला की आमच्या घाटंजीकडे वावरात पऱ्हाट्या उरतात. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या धुऱ्यावर पेटवतात. शेणाचा गॅस होतो, मग पऱ्हाटीचा का नाही, असं पुष्कळजण विचारतात. होतो, पण सहजासहजी नाही.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले होते. १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. पुढे जशभाई पटेलांनी 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र तयार केलं आणि साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगानं वर-खाली होणारी ती लोखंडी टाकी गावोगाव नेली. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आमच्याकडेही अंगणात टाक्या दिसू लागल्या.

या इतिहासात एक मानकरी विसरला जातो. तो म्हणजे जनावर! गाय कुटार चावते, रवंथ करते, पोटातल्या ३९ अंशांच्या उबेत जिवाणूंकडून ते कुजवून घेते. अवघड काम टाकीच्या आधीच झालेलं असतं. पऱ्हाटी थेट टाकीत घातली तर तरंगते. लिग्निन नावाच्या चिवट द्रव्यानं तिचे धागे असे बांधलेले असतात की जिवाणूंचा आत शिरकावच होत नाही.

पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र केलं. त्याला २००६ चा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. पण भात वेगळा, लाकूड वेगळं.

लाकडासारख्या काडीकचऱ्यासाठी संशोधकांनी गरम पाण्याचा उपाय काढला. बंद भांड्यात, दाबाखाली, १६० ते २०० अंश. त्यात हेमिसेल्युलोज विरघळतं, धागे सुटतात. कुकरमध्ये तुरीची डाळ शिजवावी तसंच, पण आपला कुकर १२० अंशांच्या आसपास थांबतो. उष्णता फार झाली तर जिवाणूंना मारक द्रव्यं तयार होतात. शिवाय पाणी तापवायला इंधन लागतं. म्हणून हे काम एका घराचं नाही, मोठ्या प्रकल्पाचं.

माझी चिंता मात्र वेगळी आहे. ट्रॅक्टर आले, गोठे ओस पडले आणि आमच्याकडच्या कित्येक टाक्या गंजून गेल्या. योजनेत टाकीचा हिशेब होता, गोठ्याचा नव्हता. उद्या पऱ्हाट्या प्रकल्पात गेल्या तर ज्या बाईची चूल त्यांच्यावर पेटते, तिनं काय जाळायचं? तिला गॅस मिळावा आणि उरलेली मळी वावरात परत यावी. एवढा हिशेब आधी मांडला, तर गरम पाण्याचे श्रम सार्थकी लागतील.