लघवी निसटणे, अंग बाहेर येणे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी

खोकला आला की लघवीचे थेंब निसटतात. हंडा डोक्यावर चढवताना खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते. लघवीची भावना झाली की शौचालय गाठेपर्यंत धीर निघत नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या बायका या तक्रारी क्वचितच पहिल्या वाक्यात सांगतात. कंबरदुखी किंवा अंगावरून पांढरे जाणे यासाठी त्या येतात आणि उठता उठता हळूच हे बोलतात. पुष्कळजणी तेही बोलत नाहीत. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता, पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या.

या तक्रारींवर औषध किंवा शस्त्रक्रियेआधी करायचा एक चांगला उपचार आहे, तो म्हणजे फिजिओथेरपी. मात्र चिठ्ठीवर ‘केगल व्यायाम करा’ असे लिहून दिले म्हणजे फिजिओथेरपी झाली असे नाही.

हे स्नायू कुठे असतात?

पुढे जघनाचे हाड आणि मागे माकडहाड. या दोन्हींच्या मध्ये बाळाच्या झोळीसारखा स्नायूंचा एक पडदा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्याच्यावर टेकलेले असतात. लघवीची जागा, योनी आणि शौचाची जागा या तीनही वाटा त्यातून खाली येतात. खोकताना किंवा ओझे उचलताना पोटात दाब वाढतो, त्या क्षणी हा पडदा आपोआप आवळला जातो आणि वाटा बंद राहतात.

योनीमार्गे बाळंतपण होताना हा पडदा खूप ताणला जातो, कधी फाटतोही. पाळी गेल्यानंतर तो अधिक अशक्त होतो. त्यात चुलीच्या धुराने किंवा दम्याने वर्षानुवर्षे चाललेला खोकला, बद्धकोष्ठामुळे कुंथणे, वाढलेले वजन आणि रोजचे जड ओझे यांची भर पडते. पाण्याची हंडा-कळशी, लाकडाची मोळी, वीटभट्टीवर डोक्यावरून वाहिलेल्या विटा. भातलावणीचे दिवसभर वाकून काम एकटेच त्रास सुरू करते असे नाही, पण आधीच सैल झालेल्या स्नायूंना ते जाणवते.

केगल व्यायामात हरवलेली गोष्ट

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले. त्यासाठी त्यांनी योनीत ठेवून आवळण्याचा जोर मोजणारे उपकरणही बनवले होते. रुग्णाला आपला आकडा दिसायचा आणि व्यायाम बरोबर होतो आहे की नाही हे कळायचे. पुढे व्यायाम जगभर पसरला, मोजणे मागे राहिले. १९९१ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात स्त्रियांना फक्त तोंडी सूचना देऊन मग मोजमाप केले. जवळपास निम्म्या स्त्रियांनाच योग्य प्रकारे आवळता आले. साधारण पाव स्त्रिया आवळण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे त्रास वाढेल असेच करत होत्या.

म्हणून ‘सहा महिने व्यायाम केला, काही उपयोग नाही’ असे कोणी म्हटले, तर आधी व्यायाम कसा केला ते तपासावे लागते. नीट शिकवलेल्या व्यायामाचा परिणाम मोठा आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, जोर पडल्यावर लघवी निसटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम केलेल्या ५६ टक्के जणींनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते.

तपासणीत काय होते?

लघवीत जंतुसंसर्ग आहे का आणि रक्तात साखर वाढली आहे का, हे आधी पाहतात. तीन दिवस किती पाणी प्यायलात, किती वेळा लघवीला गेलात आणि कधी निसटली, याची नोंद ठेवायला सांगतात. लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलीने किंवा मुलाने लिहावी, किंवा भिंतीवर रेघा ओढाव्यात. चालते.

त्यानंतर फिजिओथेरपिस्ट हातमोजा घालून योनीत बोट ठेवते आणि आवळायला सांगते. जोर किती, किती सेकंद टिकतो आणि नंतर स्नायू पूर्ण सैल होतो का, हे त्यातून कळते. तुमच्या परवानगीशिवाय ही तपासणी होत नाही. स्त्री परिचारिका किंवा घरातली बाई सोबत ठेवता येते, आणि मध्येच ‘थांबा’ म्हणता येते. आतून तपासणी नको असेल तर बाहेरून पाहून किंवा सोनोग्राफीनेही बरेच समजते.

सगळ्यांचे स्नायू ढिले असतात असेही नाही. काहींचे सतत आवळलेले असतात. संबंधाच्या वेळी तीव्र दुखणे, लघवी थांबत थांबत होणे, शौचाला जोर लावूनही न होणे या तक्रारी अशा स्नायूंमुळेही असू शकतात. त्यांना आवळण्याचे व्यायाम दिले तर दुखणे वाढते. त्यांच्यासाठी श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम असतात. म्हणून मोबाईलवरचा व्हिडिओ पाहून परस्पर सुरुवात करू नका.

व्यायाम कसा करतात?

उताणे झोपा, गुडघे दुमडा. चारचौघांत वायू सुटू नये आणि त्याच वेळी लघवीही थांबावी, अशा कल्पनेने आतून वर खेचा. योगात मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा शिकलेल्यांना हे लवकर जमते. पोट फुगवायचे नाही, मांड्या आणि नितंब आवळायचे नाहीत, श्वास चालू ठेवायचा. लहान आरशात पाहिल्यास योनी आणि गुदद्वार यांमधली जागा आत-वर जाताना दिसली पाहिजे. ती बाहेर फुगत असेल तर थांबा आणि पुन्हा शिकून घ्या.

सुरुवातीला तीन सेकंदही धरता येत नाही, हरकत नाही. हळूहळू आठ-दहा सेकंद धरायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सोडायचे. एका वेळी निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा. सोबत काही झटपट आवळणे-सोडणे. झोपून जमले की बसून, मग उभ्याने. लघवी चालू असताना मध्येच थांबवून रोज सराव करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागू शकते.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी युक्ती वेगळीच आहे. खोकण्याच्या, शिंकण्याच्या किंवा हंडा उचलण्याच्या क्षणभर आधी आवळायचे आणि ओझे चढेपर्यंत धरायचे. वेळेचे हे गणित आठवडाभरात जमते आणि तेव्हाच फरक दिसू लागतो. स्नायूंची ताकद मात्र सावकाश वाढते: लघवी निसटण्यासाठी निदान तीन महिने, अंग उतरण्यासाठी निदान सोळा आठवडे. या काळात फिजिओथेरपिस्टकडे काही फेऱ्या हव्यातच.

कर्जत-खोपोलीहून रोज मुंबईला जाणाऱ्यांची तक्रार बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. लोकलमध्ये शौचालय नाही आणि प्रवास दोन तासांहून मोठा. मग सकाळी पाणीच प्यायचे नाही आणि गाडीत चढण्याआधी दोन-दोनदा लघवीला जायचे. दाट लघवीने जळजळ होते, आणि थोडीशी लघवी साठली तरी घाई करायची सवय मूत्राशयाला लागते. अशा वेळी घाई आल्यावर जागीच थांबून पाच-सहा वेळा पटपट आवळावे, लाट ओसरू द्यावी आणि मग चालत जावे. दोन वेळांमधले अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवावे. हा सराव निदान सहा आठवडे करावा. चहा कमी केल्यानेही पुष्कळांना बरे वाटते.

अंग बाहेर येत असेल तर

गर्भाशय किंवा योनीची भिंत योनीच्या तोंडाच्या आतच असेल, तर व्यायामाने जडपणा आणि ओढल्यासारखे वाटणे कमी होते. अंग बाहेर लोंबत असेल तर केवळ व्यायामाने ते वर जाणार नाही. तेव्हा सिलिकॉनची रिंग पेसरी बसवता येते. ती ठरावीक मुदतीने काढून धुवावी आणि डॉक्टरांकडून तपासून घ्यावी लागते. चिंधी कोंबून किंवा घट्ट बांधून काम चालवू नका, त्याने जखम आणि संसर्ग होतो.

शस्त्रक्रिया लागली तरी ‘पिशवी काढणे’ हा एकच मार्ग नाही. गर्भाशय जपून वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनीच रूढ केल्या. गर्भाशय काढल्याने सैल स्नायू घट्ट होत नाहीत. फक्त लघवी निसटते म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.

घरच्यांसाठी

बाळंतिणीला सव्वा महिन्याच्या आत हंडे उचलायला लावू नका. नंतरही एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळशा बऱ्या, आणि डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात हवा. पोटाला पट्टा बांधल्याने हे स्नायू बळकट होत नाहीत. व्यायामाला दिवसाची दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि तो कोणाला दिसतही नाही, पण ती मिनिटे तिला मिळाली पाहिजेत. पुरुषांनाही हे स्नायू असतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी निसटत असेल तर हाच उपचार लागू पडतो.

कुठे जायचे?

सुरुवात आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. गरोदर असाल तर दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीतही विचारता येईल. तिथून कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग एकाच आवारात हवे असतील, तर खालापूरकरांना पनवेलच्या पुढे कामोठ्याचे एमजीएम रुग्णालय आणि कर्जतकरांना परळचे केईएम सोयीचे पडेल. निघण्याआधी ‘पेल्व्हिक फ्लोअर’साठी फिजिओथेरपिस्ट कोणत्या दिवशी असते ते विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जाणार नाही.

लघवीतून रक्त येणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, लघवी अजिबात न होणे, तापासह जळजळ, बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस लघवी गळत राहणे, किंवा मांड्यांमधली जागा बधिर होऊन पायांतली शक्ती जाणे, यांपैकी काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच रुग्णालयात जा.

पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला बाहेर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांनी पहिली तपासणी आणि शिकवणी निघण्याआधीच उरकावी. एकदा नीट शिकलेला व्यायाम भट्टीवरच्या झोपडीतही करता येतो. परतल्यावर तीच नोंद आणि तोच केसपेपर घेऊन यावे, म्हणजे जोर किती वाढला ते मोजता येईल.