फ्लूची सुई आणि फौज : १९१८ पासून आजपर्यंत

गेल्या भागात आपण कूतच्या वेढ्यापर्यंत आलो होतो आणि आज बगदादकडे निघायचं ठरलं होतं. बगदाद पुढच्या वेळी. परवा मी इथे इंदुरात, आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन फ्लूची लस घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. घरी आलो आणि वाटलं, हा विषय आपल्याच मालिकेतला आहे. ही लस जवळजवळ फौजेच्या बराकीतच जन्मली आहे.

आधी घरची गोष्ट सांगतो. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते आणि १९१८ साली मेसोपोटेमियात होते. गाव साताऱ्याकडचं. घरी पणजी आणि चार वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसलेला, धान्य महागलेलं, आणि त्यात ‘मानमोडी’ आली. आपल्याकडे जुनी माणसं इन्फ्लुएंझाच्या त्या साथीला मानमोडीच म्हणत. पणजी दसरा-दिवाळीच्या सुमारास गेली. काळजी रणांगणावरच्या माणसाची चाललेली, आणि मरणाचं पत्र मात्र गावाकडून रणांगणावर गेलं. पणजोबा १९१९ साली मेडल घेऊन सुखरूप परतले. ते मेडल माझ्याकडे आहे. पणजीचं नाव मात्र आज घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही.

ही साथ आली कुठून? मे १९१८ च्या अखेरीस सैनिक घेऊन एक जहाज मुंबईला लागलं. १० जूनला गोदीत पहाऱ्यावरचे सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. मुंबईचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी जहाजाकडे बोट दाखवलं. हिंदुस्थान सरकारचं म्हणणं उलट, की जहाजावरच्यांनाच लागण मुंबईत झाली. दोन खात्यांमधली ही टोलवाटोलवी ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना ओळखीची वाटेल. जूनची लाट सौम्य होती. सप्टेंबरातली दुसरी लाट आगगाडीने देशभर गेली. मुंबईत एकट्या ६ ऑक्टोबरला ७६८ माणसं दगावली. देशभरातले मृत्यू अभ्यासक सव्वा कोट ते पावणेदोन कोट धरतात. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचं एकच दशक आहे, १९११ ते १९२१.

मरण सगळ्यांना सारखं आलं नाही. मुंबईत युरोपियनांमध्ये हजारी ८ च्या आसपास माणसं गेली. ज्यांना तेव्हाच्या कागदपत्रांत ‘खालच्या जाती’ म्हटलं आहे, त्यांच्यात हजारी ६१. एकाच शहरात, एकाच महिन्यांत. चाळीतली कोंदट खोली, अपुरं अन्न आणि तोंडात पाण्याचा घोट घालायला कुणी नसणं, यांचा हा हिशेब आहे.

तेव्हा लस नव्हती असं नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने एक मिश्र लस ठरवली. त्यात सर विल्यम लीशमन पुढे होते. काळा आजाराचे लीशमन ते हेच. पण ती लस होती जिवाणूंची. फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली फ्लूचा म्हणून जो जिवाणू दाखवला होता, त्यावर सगळ्यांचा भरवसा. म्हणजे शत्रूच चुकीचा ओळखलेला. खरा शत्रू, विषाणू, माणसात सापडला १९३३ साली, लंडनमध्ये, तोही फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांना फ्लू देऊन.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “काका, अंड्याची अ‍ॅलर्जी नाही ना?” मी म्हटलं, मेसमध्ये पस्तीस वर्षं खाल्ली आहेत. पण प्रश्न नेमका होता. ऑस्ट्रेलियात बर्नेट यांनी हा विषाणू कोंबडीच्या गर्भधारी अंड्यात वाढवण्याची पद्धत बसवली, आणि आजही बहुतेक फ्लूच्या लशी अंड्यातच तयार होतात.

आता आपली फौज. म्हणजे आपली नव्हे, अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात त्यांना १९१८ ची धास्ती होती. त्या वेळी त्यांची प्रशिक्षण शिबिरंच्या शिबिरं आडवी झाली होती. सैन्याने थॉमस फ्रान्सिस यांच्या हाताखाली एक आयोग नेमला. मदतीला तरुण जोनास साल्क, पुढे पोलिओच्या लशीने जगभर गाजलेले. १९४३ मध्ये प्रशिक्षणार्थी सैनिकांवर चाचणी झाली. बिनलशीच्या १०० पैकी ७ जण आजारी पडले, लसवाल्या १०० पैकी २. १९४५ साली सरसकट सगळ्या सैन्याला लस दिली. फत्ते झाली असं सगळ्यांना वाटलं.

आणि १९४७ साली तोंडावर आपटले. मिशिगन विद्यापीठात लस घेतलेल्यांपैकी ७ टक्के आजारी, न घेतलेल्यांपैकी ८ टक्के. लस घेतली काय आणि न घेतली काय! विषाणूने वेश बदलला होता. नवा नमुना फोर्ट मॉनमथ या लष्करी छावणीतून मिळाला, म्हणून त्याचं नाव ‘एफएम-१’. शत्रू रोज परवलीचा शब्द बदलतो आणि आपला पहारेकरी कालचाच धरून उभा राहतो, तसा हा प्रकार. तेव्हापासून जगभर टेहळणी ठेवायची असं ठरलं. १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं जाळं हे काम करतं; पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्थाही त्यात आहे. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरतं. अंदाज चुकतोही. जमलेल्या वर्षीसुद्धा ही लस निम्म्याच्या आसपासच दवाखान्याच्या खेपा टाळते. हे मी लपवणार नाही.

याच निम्म्याच्या आकड्यावर मी इतकी वर्षं लस टाळली. नोकरीत टायफॉइडच्या सुया रांगेत उभं राहून घेतल्या, तिथे विचारतो कोण! निवृत्तीनंतर मात्र माझं ठरलेलं उत्तर : साध्या सर्दीला कसली सुई? गेल्या जुलैत ताप मला आला. पाच दिवसांत मी उठून फिरायला लागलो. सौ.ला दम्याचा त्रास आहे. माझ्यामागून ती पडली, ती नऊ दिवस रुग्णालयात ऑक्सिजनवर होती. मी बाहेर बाकड्यावर बसून होतो आणि मला पणजोबांचं ते मेडल आठवत होतं.

म्हणून या वर्षी आम्ही दोघं मे महिन्यातच गेलो. मी म्हटलं, फ्लू तर थंडीतला ना? श्रीनगरला असताना माझी अर्धी कंपनी जानेवारीत खोकत असायची. डॉक्टरीणबाई हसल्या. “ते काश्मीरचं, काका. आपल्याकडे पावसाबरोबर येतो. अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून आत्ता.” एकाच देशात दोन मोसम, इतका नकाशा वाचला पण हे ठाऊक नव्हतं.

फ्रिजमधून खोका निघाला. मी चष्मा लावून त्यावरची नावं वाचायला लागलो. पूर्वी चार विषाणू असत, आता तीन. ‘बी’ गटातली यामागाता नावाची शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलीच नाही, म्हणून वगळली. कोरोनाच्या बंदीत बिचारी उपाशी मेली असावी.

“अहो, वाचत काय बसलाय, बाही वर करा,” सौ. म्हणाली. तिची आधीच झाली होती. अर्धा मिलिलीटर, डाव्या दंडात. कळलंही नाही. रात्री दंड दुखला, अंग थोडं कसकसलं, सकाळी चहापर्यंत ठीक. सौ.ने फाइलच्या पुठ्ठ्यावर तारीख लिहिली आणि खाली पुढच्या वर्षीचा मे लिहून ठेवला, दोघांच्या नावाने.