मागे घेता येणारा नियम

कंपनीतल्या शेकडो संगणकांची सेटिंग्ज एकाच जागेवरून ठरवण्याच्या प्रथेचा इतिहास बहुतेकदा गेलेली सत्ता परत मिळवल्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मेनफ्रेमच्या काळात सारे एका यंत्राच्या ताब्यात होते, १९८१ साली आयबीएम पीसी आला आणि टेबलाटेबलावर मोकळीक मिळाली, पुढे नेटवर्कने ती हिरावून घेतली, असा तो क्रम. मला तो अपुरा वाटतो. हुकूम सोडण्याची सोय लवकरच झाली होती. सोडलेला हुकूम मागमूस न ठेवता परत घेता येऊ लागला तेव्हा ही व्यवस्था खरी बदलली.

विंडोज एनटी ४.० (१९९६) मधली सिस्टिम पॉलिसी पाहा. नियमांची एक फाईल सर्व्हरवर ठेवली जाई, लॉगइनच्या वेळी संगणक ती वाचून आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात, बदल करी. पण नियम फाईलमधून काढला तरी रजिस्ट्रीतला बदल तसाच राही. जाणकार त्याला ‘टॅटू’च म्हणत. तो पुसायचा तर उलटा नियम मुद्दाम पाठवावा लागे आणि तो प्रत्येक यंत्रापर्यंत पोचेपर्यंत थांबावे लागे. कर्मचाऱ्याचा विभाग बदलला, तरी जुन्या विभागाचे निर्बंध यंत्राला चिकटलेले असत. २००० साली विंडोज २००० बरोबर आलेल्या ग्रुप पॉलिसीने हे मोडले. नियमांसाठी रजिस्ट्रीत वेगळ्या जागा राखल्या गेल्या. यंत्र किंवा माणूस नियमाच्या कक्षेबाहेर गेला की तिथली नोंद निघून जाई आणि मूळ सेटिंग पुन्हा लागू होई. आधी त्या संगणकाचे स्वतःचे, मग साइटचे (नेटवर्कवरच्या ठिकाणाचे), डोमेनचे (एका केंद्राखालच्या सगळ्या यंत्रांचे) आणि शेवटी विभागाचे नियम लागत. दोन नियमांत विरोध आला तर सहसा नंतरचा टिके. म्हणजे मुख्यालयाच्या नियमाला विभाग मुरड घालू शके, मुख्यालयाने तो सक्तीचा केला नसेल तर. दर ९० मिनिटांनी उजळणी होई, आणि सगळी यंत्रे सर्व्हरवर एकदम तुटून पडू नयेत म्हणून त्यात ३० मिनिटांपर्यंतची यादृच्छिक भर असे.

हे सारे खर्च वाचवण्यासाठी झाले, असे कोणी म्हणेल. कंपन्यांनी ते विकत घेतले ते त्यासाठीच, हे खरे आहे. पण यातली एक मुळी वेगळ्या मातीतली आहे. १९८३ साली एमआयटीत डिजिटल आणि आयबीएमच्या साहाय्याने अथीना प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थी कुठल्याही वर्कस्टेशनवर बसला तरी त्याला त्याच्याच फायली मिळाव्यात, म्हणून ओळख आणि फायली यंत्रातून काढून सर्व्हरवर नेल्या गेल्या. तिथे केंद्र उभे राहिले ते फिरत्या माणसाच्या सोयीसाठी. त्याच प्रकल्पातली कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत विंडोज २००० ने डोमेनसाठी स्वीकारली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: केंद्र शत्रूच्या हाती गेले तर सगळेच जाते. २०२१ मध्ये लॉकबिट २.० या खंडणीखोर प्रोग्रामने ग्रुप पॉलिसीच वापरून डोमेनभर आपला प्रसार केला. हा धोका नाकारता येत नाही. मात्र नियम एका ठिकाणी लिहिले जातात, एवढ्यानेच तो येत नाही. ते लिहिण्याची पूर्ण मुभा देणारी खाती रोजच्या कामात सर्रास वापरल्याने तो कितीतरी वाढतो. विभागापुरता अधिकार वाटून देण्याची तरतूद विंडोज २००० मध्येच होती. ती वापरायची तर कोणता नियम कोणी लिहायचा हे कंपनीला आधी ठरवावे लागते, आणि ते काम कोणताही सर्व्हर करून देत नाही.