डब्यावरचा आंकडा

ताजी मासळी पारखावयाची तर कल्ला लाल आहे कीं नाहीं तें पाहावें, बोटानें अंग दाबावें, वास घ्यावा. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु १८१० सालीं निकोला आपेर या फ्रेंच हलवायानें हवाबंद बरण्यांत अन्न टिकविण्याची आपली रीत प्रसिद्ध केली, थोड्याच वर्षांत इंग्लंडांत पत्र्याचे डबे निघूं लागले, आणि खाणाऱ्याच्या हातून ही पारख सुटली. मासा कोठें शिजला, कोणत्या हातांनीं भरला, हें त्यास दिसेनासें झालें. उरला तो केवळ विश्वास.

त्या विश्वासाची कसोटी १९७८ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें लागली. अलास्कांत भरलेल्या सामन माशाचा एक डबा चार वृद्ध माणसांनीं मिळून खाल्ला. चौघांनाही बोट्युलिझम हा रोग झाला व त्यांपैकीं दोघें दगावलीं. डब्यास एक सूक्ष्म छिद्र होतें. आंतील मासा उष्णतेनें निर्जंतुक झाल्यावर त्या वाटेनें जंतु शिरले होते. या जंतूंच्या विषानें अन्नाचा वास वा रंग बिघडेलच असें नाहीं. मात्र खाणाऱ्यास एकाचे दोन दिसूं लागतात, जीभ अडखळते, घास गिळवत नाहीं, आणि शेवटीं श्वासाचे स्नायु लुळे पडतात.

१९८२ सालीं बेल्जममध्यें अलास्काच्याच सामनाच्या डब्यानें आणखी एकाचा बळी घेतला. त्या काळीं जागा वांचविण्यासाठीं डबे चपटे करून कारखान्यांत पाठवीत व तेथें यंत्रानें पुन्हां गोल करीत. त्या यंत्राच्या दोषानें पत्र्यास बारीक भोंक पडलें होतें. मग असे आणखी किती डबे, कोणाकोणाच्या फडताळांत असतील? अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याच्या देखरेखीखालीं कोट्यवधि डबे परत बोलावण्यांत आले. हें साधलें तें डब्यावर उठविलेल्या, आणि ज्यांकडे सहसा कोणी पाहत नाहीं अशा, अक्षरांकांमुळें. डबा कोणत्या कारखान्यांतला व केव्हांचा, हें त्यांवरून कळत होतें. नाक आणि डोळा जेथें हरले, तेथें आंकडा कामास आला.

आपल्याकडेही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें सदोष माल परत घेण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावर टाकली असून २०१७ सालीं त्याचे नियम झाले. परंतु कायद्याचा हात दुकानापर्यंत पोंचतो. घरांतील फडताळ आपणच उघडावें लागतें. म्हणून मासा भांड्यांत काढतांच डबा वा वेष्टन फेकून देऊं नये. माल परत बोलावल्याचें वाचनांत आलें, तर नांव, तुकडीचा क्रमांक व तारीख तिन्ही ताडून पाहावीं. तीं जुळल्यास डबा बाजूस ठेवून दुकानदाराकडे परत करावा. फुगलेला वा गळका डबा तर सूचनेची वाट न पाहतां टाकावा. आणि "जरा चाखून तर पाहूं" हा जुना विचार येथें कटाक्षानें सोडावा. ज्या विषाला चव नाहीं, त्याची परीक्षा जिभेनें होत नाहीं.