झोपवण्याचा अधिकार कोणाचा?

मर्यादित साधनांचे वाटप हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न. हातात मावणाऱ्या संगणकात असे साधन म्हणजे बॅटरी. ती सर्व प्रोग्रॅमांची सामायिक, म्हणूनच ती जपण्याची निकड एकालाही नसते. लिनक्सवर चालणाऱ्या अशा संगणकांच्या इतिहासात प्रशासनातला एक जुना वाद आढळतो: निर्णय कोणी घ्यावा आणि तो कोणी रोखावा?

इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या १९९२ च्या 'एपीएम' व्यवस्थेत वीजबचतीचे बरेचसे निर्णय बायोसकडे होते. १९९६ च्या 'एसीपीआय'ने ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवले. मात्र बंगळूरचा सिम्प्युटर किंवा कॉम्पॅकचा आयपॅक यांत स्ट्राँगआर्म प्रोसेसर होता. पीसीसारखा बायोस तेथे नव्हताच. तेव्हा आर्म प्रोसेसरवरील लिनक्सने एपीएमचा बाह्य साचा तेवढा उभा केला, जेणेकरून जुने प्रोग्रॅम चालत राहावेत. पुढे २००२ मध्ये आयबीएम व मॉन्टाव्हिस्टा यांनी कामाच्या भारानुसार प्रोसेसरचा वेग व विद्युतदाब बदलण्याची पद्धत मांडली. तीत धोरण आणि अंमलबजावणी वेगळी ठेवली होती.

खरा पेच २००९ मध्ये उभा राहिला. अँड्रॉइडचा नियम असा, की यंत्राने संधी मिळताच झोपावे. ज्याला ते जागे हवे, त्याने 'वेकलॉक' घ्यावा. लिनक्सच्या गाभ्याचे अनेक विकासक याला राजी नव्हते. एखाद्या प्रोग्रॅमने वेकलॉक सोडलाच नाही, तर साऱ्यांची बॅटरी रिकामी होणार! पण अडचणही खरी होती: यंत्र झोपत असतानाच संदेश आला, तर तो सकाळपर्यंत पडून राहायचा.

२०१० च्या २.६.३६ या आवृत्तीत तोडगा निघाला. यंत्राला जागवणाऱ्या घटनांची गाभ्याने मोजणी ठेवावी. झोपवू पाहणाऱ्या प्रोग्रॅमने तो आकडा आधी वाचावा आणि तोच परत लिहावा. मधल्या काळात आकडा बदलला असेल, तर लेखन नाकारले जाते व झोप टळते. कोणी किती वेळ जागे ठेवले, याचीही नोंद राहते. २०१२ च्या ३.५ आवृत्तीत आपोआप झोपण्याची सोय आली, आणि वेकलॉकसारखी व्यवस्थाही अधिकृतपणे स्वीकारली गेली.

सरकारी फाइलवर सही करण्यापूर्वी मागाहून आलेला कागद पाहावा, हा जुना संकेत याहून फारसा निराळा नाही. रोखण्याचा अधिकार अनेकांना देता येतो. मात्र कोणी, किती काळ रोखले, याची नोंद प्रत्येक वेळी राहिली पाहिजे.